धुतलेली नोंद

हॉस्पिटलात तिला सगळे टोपीवाली म्हणत. विसरण्याच्या आजाराचा संशय आला की माणूस तिच्या खोलीत पाठवला जाई, आणि ती त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून मेंदूत काय चाललंय त्याची नोंद घेई. काम दिसायला सोपं. फितीनं डोकं मोजायचं, टोपीचा पट्टा हनुवटीखाली आवळायचा, टोपीच्या एकवीस भोकांत बोथट सुईनं थंडगार जेल सोडायचं. मग समोरच्या पडद्यावर रेघा वळवळू लागत. माणसानं शांतपणे डोळे मिटले की धडधाकट मेंदूच्या मागच्या बाजूनं सेकंदाला नऊ-दहा लाटा निघतात. आजार आत शिरला की त्या आठ होतात, मग सात, मग सहा. टोपीवालीनं बारा वर्षांत एवढ्या लाटा मोजल्या होत्या की समुद्राकाठच्या माणसानंही मोजल्या नसतील.

तिचं नाव मात्र मोजण्यापेक्षा साफसफाईसाठी जास्त होतं. माणूस खोकला, त्यानं आवंढा गिळला, दात आवळले, की स्नायूंची वीज मेंदूच्या विजेवर चढते आणि रेघांचा नुसता काळा रेंदा होतो. तो भाग डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो. म्हणून नोंद चालू असतानाच टोपीवाली त्या त्या जागी खूण करायची, 'खोकला', 'गिळणं', 'हालचाल', आणि संध्याकाळी बसून ते तुकडे कापून काढायची. मोठे डॉक्टर चारचौघांत म्हणायचे, हिची नोंद म्हणजे धुतलेले तांदूळ. तिला ते ऐकायला आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मास्तरांचं हे तिसरं वर्ष होतं. म्हातारे झालेले बॉक्सर विसरू का लागतात यावर मोठ्या डॉक्टरांचा अभ्यास चालला होता. मास्तरांनी तरुणपणी डोक्यावर पुष्कळ ठोसे खाल्ले होते आणि पुढं तीस वर्षं ते मारायला पोरांना शिकवलं होतं. दर वर्षी एकदा नोंद. पहिल्या वर्षी लाटा साडेनऊ, दुसऱ्या वर्षी नऊ. डॉक्टरांच्या भाषेत सौम्य बिघाड: चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, घरचा रस्ता एखाद्या वेळी चुकतो, बाकी माणूस टुणटुणीत. बोलायला तर असा गोड की नर्सबाया त्यांच्या वेळेला मुद्दाम डोकावून जायच्या. "आयुष्यभर लोकांनी मला टोप्या घातल्या," मास्तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुम्ही निदान सांगून घालताय." टोपीवाली तेव्हा पोट धरून हसली होती.

मास्तरांच्या बायकोला ती काकू म्हणायची. काकू दर वर्षी सोबत यायच्या आणि बाहेर बाकावर बसायच्या, कारण नोंद चालू असताना सोबतच्या माणसानं आत थांबायचं नाही असा नियम. गेल्या वर्षी मात्र मास्तरांचा चष्मा द्यायला त्या दोन मिनिटं आत आल्या. मास्तरांनी चष्मा घेतला, हसत हसत काकूंचा हात हातात घेतला आणि त्यांची करंगळी मागं वाकवली. हळूहळू, हसू न सोडता. काकूंच्या तोंडून आवाज निघाला नाही. त्या फक्त टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिल्या. पडद्यावर दोन्ही कानशिलांच्या रेघा काळ्याकुट्ट झाल्या, दात आवळल्यावर होतात तशा. टोपीवालीनं हे सगळं पाहिलं. आणि तिच्या बोटानं सवयीनं खूण केली: 'हालचाल, उजवा हात'. संध्याकाळी तिनं तो तुकडा कापला आणि घरी गेली.

ती करंगळी वर्षभर तिच्या डोक्यातून गेली नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो आपण बघितला, आणि वर तो पुसूनही टाकला, याचा तिला संताप यायचा. अर्थात आपला संताप आपल्यावरच असला की माणूस तो लवकर गिळतो.

यंदा मुलगा दोघांना घेऊन आला, पण दोन घरांतून. दोन महिन्यांपूर्वी काकूंच्या डाव्या अंगाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. न्हाणीघरात पाय घसरला असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि जरा उठता-बसता येऊ लागल्यावर पिशवी भरून बहिणीकडे निघून गेल्या. त्या परतल्याच नव्हत्या. मुलानं टोपीवालीला दारातच गाठून आपली अडचण ऐकवली. तो आणि बायको दोघं नोकरी करतात, बाबांना एकटं ठेवता येत नाही, आणि आई हट्टाला पेटलीय. बाबांचं डोकं हल्ली फिरतं हे त्याला कबूल होतं. पण तो आजार आहे, त्याला बाबा तरी काय करणार? डॉक्टरांनी एकदा तसं लिहून दिलं की आईला बोलायला जागा उरणार नाही, ती मुकाट्यानं घरी येईल. अहवाल येईपर्यंत मला कुणी काही म्हणायचं नाही, एवढं आईनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे काकूंनी पुन्हा त्या माणसाच्या हाताखाली जायचं की नाही, हे एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

टोपीवालीनं आपल्या बुद्धीप्रमाणे विचार केला. हा आजारच, असं तिलाही वाटत होतं. बारा वर्षं आजारच बघितलेल्या बाईला दुसरं काय दिसणार? पण 'डोकं फिरतं' एवढ्यावर कुणी काही करत नाही. मास्तरांचा हात नोंद चालू असताना उठला आणि डॉक्टरांना तो पडद्यावर दिसला, तर ते त्यांना वरच्या मजल्यावरच्या बंद वॉर्डात ठेवतील आणि काकू सुटतील. त्यासाठी काकू आत हव्यात. वाघ दाखवायचा तर बकरी बांधावी लागते, आणि बकरीला कुणी विचारत नाही. टोपीवालीनंही विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "काकू, आज तुम्ही आत बसा. म्हणजे ते शांत राहतील."

"मी बाहेर बरी आहे," काकू म्हणाल्या.

"दहा मिनिटांचं तर काम."

काकूंनी मुलाकडे पाहिलं. तो फोनवर बोलत लांब गेला होता. त्या आत आल्या आणि भिंतीलगतच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या, पिशवी डाव्या बरगड्यांशी धरून.

डोळे मिटून पाच मिनिटं झाली. लाटा साडेआठ. मग डोळे उघडून बटणाची परीक्षा. भिंतीवरच्या स्पीकरमधून दर दोन सेकंदांनी एक खालच्या पट्टीतला आवाज येत राहतो आणि मधेच एखादा वरच्या पट्टीतला येतो. वरचा आला की हातातलं बटण दाबायचं, खालच्याला दाबायचं नाही. वरचा आवाज ओळखला की मेंदू पाव-अर्ध्या सेकंदात एक उसळी मारतो. आजारात ती उसळी उशिरा येते, बुटकी येते. मास्तरांची थोडी उशिरा येत होती, पण येत होती.

मग मास्तर चुकले. वरचा आवाज आला आणि बटण दाबलं गेलं नाही. काकूंनी मान वर केली. कुणीही करेल तशी, दुसरं काही नाही. पण मास्तरांनी ते पाहिलं, आणि पडद्यावर दोन्ही कानशिलांच्या रेघा काळ्या झाल्या.

आता उठावं, आवाज बंद करावा, काकूंना बाहेर काढावं, हे टोपीवालीला कळत होतं. तिनं ते केलं नाही. नंतरही हे तिनं कुणापासून लपवलं नाही: तिला नोंद हवी होती.

खालचा आवाज आला. मास्तरांनी दाबलं नाही. वरचा आला, दाबलं. मग दोन खालचे आले, दाबलं नाही. पुन्हा वरचा आला, दाबलं. मग त्यांनी ते बटण शेजारच्या स्टुलावर, वायर गुंतणार नाही अशा बेतानं नीट ठेवलं आणि ते उठले.

इथून पुढं त्याला अहो-जाहो करायचं आपल्याला काही कारण नाही. दोन पावलांत तो काकूंपर्यंत पोचला. डाव्या हातानं त्यानं त्यांनी धरलेली पिशवी बाजूला केली आणि उजव्या हाताचा आखूड ठोसा बरोब्बर डाव्या बरगड्यांवर बसवला. ज्या माणसाला स्वतःच्या घरचा रस्ता सापडत नव्हता, त्याची दोन महिन्यांपूर्वीची जागा बोटभरही चुकली नाही. काकू आवाज न करता पुढं वाकल्या आणि गुडघ्यांवर आल्या. त्यानं त्यांचं उजवं मनगट धरलं, आपल्या मांडीवर टेकवलं आणि दाबलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. आता मात्र काकू ओरडल्या. त्याच्या कपाळावरून जेल ओघळत होतं, टोपीपासून यंत्रापर्यंतच्या तारा ताणल्या गेल्या होत्या, आणि पोरांना शिकवताना म्हणत असेल तशा हलक्या, समजुतीच्या आवाजात तो म्हणत होता, "मान खाली. मान खाली ठेवायची."

टोपीवालीच्या हाताशी दुसरं काहीच नव्हतं. तिनं तारांचा जुडगा दोन्ही हातांनी पकडला आणि सगळं अंग मागं टाकून ओढला. पट्टा त्याच्या हनुवटीखालून सरकून गळ्यात रुतला, मान मागं गेली, काकूंचं मनगट सुटलं आणि तो उताणा पडला. डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटलं, रक्त आलं. तिथं थांबता आलं असतं. त्याचे डोळे पांढरे झाले होते, दोन्ही हात गळ्यातला पट्टा चाचपत होते. टोपीवालीनं त्याच्या खांद्यावर बूट रोवला आणि आणखी एकदा ओढलं. या दुसऱ्या ओढण्याची काडीचीही गरज नव्हती. तिला ते गोड वाटलं. त्याच्या घशातून घरघर आली ती तिला कमीच वाटली, आणि शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली नसती तर तिनं तिसऱ्यांदाही ओढलं असतं.

अर्ध्या तासानं सगळं वरवर शांत झालं. त्याच्या डोक्याला चार टाके पडले होते आणि समोरच्या खोलीत कॉटवर बसून तो नर्सबाईकडे लाडानं दुसरा चहा मागत होता. भिंतीलगतच्या त्याच खुर्चीत बसलेल्या काकूंच्या मनगटाला फळी बांधली होती, एक्स-रेसाठी त्यांचा नंबर लागायचा होता. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मोठे डॉक्टर पडद्यासमोर बसून नोंद पुढं-मागं करत होते.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. त्यांनी समजावून सांगितलं की लाटा आणखी मंदावल्या आहेत, आणि आता राग आवरणारा मेंदूचा पुढचा भागही ढिला पडलेला दिसतो; ही आजाराची पुढची पायरी. बंद वॉर्ड भरलेला आहे, शिवाय एवढ्यात त्याची गरज नाही. नवी गोळी सुरू करू. अशा वेळी ओळखीचं घर आणि ओळखीचं माणूस यांच्यासारखं औषध नाही. तसं मी लिहून देतो, ते म्हणाले. मग खुर्ची टोपीवालीकडे वळवून त्यांनी आवाज उतरवला. शेवटचा काळा भाग काढून टाक, त्यात मेंदूचं काही नाही, आणि तो ठेवण्यात तुझंही भलं नाही.

मुलगा आईसमोर उकिडवा बसला. "ऐकलंस ना? आजार आहे, आई. बाबा हे मुद्दाम करत नाहीत. आता तरी घरी चल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टोपीवालीनं वाघ पकडून दाखवला होता, आणि सगळे मिळून बकरीला त्याच खुंट्याला बांधायला निघाले होते. त्यात मनगट मोडलं ते तिच्यामुळे. ती पुढं झाली आणि म्हणाली की ती काहीच कापणार नाही. तिचं दुसऱ्यांदा ओढणंही त्या काळ्या भागात आहे, ते तिनं स्वतः खूण करून ठेवलंय, त्याबद्दल जे व्हायचं ते होईल. पण डॉक्टरांनी त्याच्या आधीचं बघावं. तिनं नोंद मागं नेली. चूक झाल्यापासूनचे दहा सेकंद. दात आवळलेले, कानशिलं काळी, आणि पाच आवाजांत पाचही वेळा बरोबर. मग बटण बाजूला ठेवलं, मग मारलं.

"यावरून त्यांना कळत होतं असं सिद्ध होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"कळत नव्हतं असंही होत नाही."

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि पहिल्या वर्षी घरच्या माणसानं भरून दिलेला फॉर्म वर काढला. स्वभाव बदलला का, यावर आजाराचं सगळं गणित असतं, आणि ते यंत्राला नाही, घरच्यांनाच ठाऊक असतं. पूर्वी कधी मारहाण केली आहे का, या प्रश्नापुढं काकूंच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'कधीच नाही'. कधीच न मारणारा माणूस मारू लागला, तर तो आजार नाही तर काय, असं डॉक्टरांनी विचारलं. आणि त्या फॉर्मवर विश्वास ठेवला तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

"ते मी खोटं लिहिलं," काकू म्हणाल्या.

काकूंचा आवाज मोठा नव्हता. बरगड्यांमुळे त्यांना दर चार शब्दांनी थांबावं लागत होतं.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा मारलं. पाणी गार दिलं म्हणून. हा सात महिन्यांचा पोटात होता तेव्हा जिन्यावरून ढकललं. तेव्हा मेंदूत काय बिघडलं होतं, डॉक्टर? हा आठ वर्षांचा होता, तेव्हा माझा दात पाडला. यानं तो पलंगाखालून शोधला, नळाखाली धुतला आणि मला आणून दिला."

"आई, ते वेगळं होतं," मुलगा म्हणाला.

"काय वेगळं होतं?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्या घरातली खोड तर आजारानंही हलली नव्हती. आजारानं तिला फक्त एक सभ्य नाव मिळवून दिलं होतं.

"बेचाळीस वर्षं मी लोकांना सांगत आले," काकू म्हणाल्या, "पाय घसरला, दार लागलं, दिवा गेला होता. आता तुम्ही सगळे मला सांगताय, आजार झाला. त्याला आजार आहे, मी कुठं नाही म्हणते? चष्मा विसरतो, रस्ता विसरतो, ते लिहा. पण माझ्या अंगावरचं सगळं त्या आजाराच्या नावावर घालून त्याला धुऊन काढू नका. ते त्याचं आहे. त्याच्याच नावावर राहू दे."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग पेन घेऊन फॉर्मवरचं ते उत्तर खोडलं, काकूंनी सांगितलं ते त्यापुढं लिहिलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. काकूंनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. आता अहवालात काय जाईल, असं मुलानं विचारलं. विसरण्याचा बिघाड वाढला आहे, एवढंच, डॉक्टर म्हणाले. मारहाण जुनी आहे, तिचं कारण मी सांगू शकत नाही, असंही लिहीन. आणि हे आज माझ्या हॉस्पिटलात घडलंय, तेव्हा पोलिसांना मला कळवावंच लागेल, दोन्ही बाजूंचं. हे म्हणताना त्यांनी टोपीवालीकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

"मग बाबांकडे बघायचं कुणी?" मुलाचा आवाज चढला. "मी कामावर जायचं की नाही?"

"ज्याला तो आजारी वाटतो त्यानं बघावं," काकू म्हणाल्या.

मुलगा ताडकन उठला आणि समोरच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं. त्यानं बाबांना घरी जायचं म्हणून सांगितलं, खाली बसून त्यांच्या पायांत बूट चढवले, नाड्या बांधायला घेतल्या. वरून तो माणूस प्रेमानं बघत होता. नाडी जरा घट्ट झाली असावी. त्यानं चहाचा कप शेजारच्या टेबलावर व्यवस्थित ठेवला आणि उलट्या हाताची मुलाच्या तोंडावर मारली. मुलाचं डोकं कॉटच्या दांडीवर आदळलं. ओठ फाटला. त्यानं हात वर केला नाही, चेहरा झाकला नाही, बूट तसाच हातात धरून तो दाराकडे, आईकडे बघू लागला.

काकू उठल्या होत्या आणि त्यांचं एक पाऊल पुढं पडलं होतं. एवढी वर्षं बाप मुलावर हात उगारायचा तेव्हा त्या मधे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, ते पाऊल आपोआपच पडणार. मुलगा वाट बघत होता. टोपीवालीला वाटलं, या आता जाणार. काकू तशाच उभ्या राहिल्या, फळी बांधलेला हात छातीशी धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी पाऊल मागं घेतलं.

"चला," त्या टोपीवालीला म्हणाल्या, "माझा हात फार दुखतोय."